हिरवं बटण बिघडलेलं आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची जुंपली की पहिलं काम वही उघडायचं. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. या वेळी वाद माझ्याच घरात आहे, म्हणून माझीच वही उघडली आहे.

विषय असा. कोपऱ्यावरच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाने फलक लावला आहे: जुनी उपकरणं द्या, नव्या खरेदीसाठी क्रेडिट घ्या. क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत. ते त्यांच्या चार भिंतींत चालतं, तेही नव्वद दिवस. हा सौदा परवडतो की नाही, ते मला तपासायचं आहे. मुलगा म्हणतो, "आई, ते कवडीमोलाने घेतात. मशीनचे पैसे मी देतो ना." सून काहीच म्हणत नाही.

मशीन म्हणजे कानाचं. गेल्या महिन्यात सून मला आतून म्हणाली, "दार लावा," आणि मी भात लावला. तिने आधीच लावलेला होता. अर्ध्या तासाने घरात दोन पातेली भात आणि दार सताड उघडं. मुलाने त्याच आठवड्यात मला धरून तपासायला नेलं. तपासणाऱ्याने आलेख हातात दिला: उजवा कान निम्मा गेलेला, डावा थोडा बरा, हळू आवाज दोन्हींना जवळपास नाहीच. मुलाला वाटलं मी आता वाद घालणार. मी कशाला घालीन? मोजमाप झालं की वाद संपतो. एवढंच विचारलं, "हे कधीपासून?"

"पाच-सहा वर्षं तरी झाली असतील."

हे मात्र मला पटलेलं नाही.

मुलाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे ठरलेलं आहे. खणात वस्तू चार. माझा आधीचा फोन, मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप, एक कॅमेरा, आणि ह्यांची बोलकी पाटी. पाटी म्हणजे टॅब्लेट. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्याआधी दवाखान्यातल्या बाईंनी ह्यांच्याकडून रोजच्या उपयोगाची सात वाक्यं बोलवून त्यात भरून घेतली. आठ रंगांची आठ बटणं. दाबलं की ह्यांचा आवाज. "पाणी दे." "लाईट घालव." "कोण आलंय?" अशी. आठवं, हिरवं, ह्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात स्वतःच भरलं. मी तेव्हा खाली फॉर्म भरत होते. ते बटण पहिल्यापासून बिघडलेलं. दाबलं की नुसता हिरवा उजेड.

हे जाऊन नऊ महिने झाले. वस्तू खणात पडून राहिली की तिची किंमत महिन्यागणिक उतरते. हा व्यवहार आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चारही वस्तू पिशवीत घालून दुकानात गेले. आत भयंकर गोंगाट. एका भिंतीवर वीस टीव्ही, वीसही चालू, वीसही वेगळे. काउंटरवर चोविशीची मुलगी, केस वर बांधलेले, पेन केसांतच खोचलेलं.

"बसा आजी."

"मॅडम म्हण. आणि मी उभीच बरी."

मुलगी कामाला चोख आहे, हे नोंदवते. फोनची काच नखाने तपासली, लॅपटॉपची बॅटरी मोजली, कॅमेऱ्याला मात्र हात जोडले. "हा संग्रहालयात द्या, मॅडम." मला हसू आलं. तिला दिसू दिलं नाही.

मग तिने पाटी चालू केली आणि एक बटण दाबलं. "लाईट घालव!" एवढ्या मोठ्याने, की टीव्ही बघणारी माणसं वळली. मी क्षणभर भिंतीवर स्विच शोधला.

"आवाज फुल ठेवलाय," मुलगी म्हणाली.

ह्यांना सगळंच मोठ्याने लागे. तसं सांगितलं. आणि दोष लपवून माल विकणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून हेही सांगितलं की हिरवं बटण बिघडलेलं आहे. तिने ते दाबलं. पाटी कानाशी नेली, पुन्हा दाबलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी पुटपुटली. त्या कलकलाटात कोणाला काय ऐकू येणार? मी म्हटलं, "हो, बिघडलेलंच आहे. तसं लिहून घे."

"नक्की द्यायचंय, मॅडम?"

"एक गोष्ट मी दोनदा सांगत नाही."

तिने आकडा लिहून दिला. तीन वस्तूंचा मिळून यंत्राच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. पाटीचा वाटा त्यात सगळ्यात मोठा, बटणाचे कापूनही. मग म्हणाली, ह्यात काहीतरी काहीतरी, "पुसून आणा."

पुसून आणा! माझ्या घरातली वस्तू आणि मला सांगते पुसून आणा. तरी खरं बघता कोपऱ्यांत धूळ होती. सगळं घेऊन परत आले.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी वर्तमानपत्र अंथरून बसले. स्पिरिट, कापूस, जुनी मऊ ओढणी, कान साफ करायच्या काड्या. खात्यात असताना प्रमाण-वजनं अशीच पुसायचो. बोटाचा ठसा राहिला तर तोही वजनात धरला जातो, असं आमचे साहेब म्हणत.

पाटीला सगळ्यात जास्त वेळ लागला. काच तिरपी धरली की ठसे दिसत. सात बटणांवर थोडे थोडे आणि हिरव्यावर थरच्या थर, इतके की मधे काच आंधळी झालेली. बिघडलेलं बटण माणूस जास्त दाबतो. लिफ्टचंही तसंच होतं.

हे स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. शेजारी दुसरी खुर्ची असे, तिच्यावर औषधं. मी ओट्याशी. मधूनच वळून पाहिलं की ह्यांचं बोट त्या हिरव्यावर आणि डोळे माझ्यावर. मी विचारायची, "काय हवंय? पाणी?" मान नाही. "दुखतंय?" नाही. "मग वहीत लिहा." वही-पेन हाताशी असे. बाकी सगळं लिहीत, वर्तमानपत्रातल्या चुकासुद्धा. हे मात्र कधी लिहिलं नाही. नुसतं हसायचे आणि पाटी मांडीवर पालथी ठेवायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

एकदा मी पाटी हातातून काढून फळीवर ठेवली होती. म्हटलं, "लहान मुलासारखा चाळा नको. मला कामं आहेत." संध्याकाळी परत दिली. हे लिहायची गरज नव्हती. पण नोंद पूर्ण असावी.

दोनदा पुसली. काच आता आरशासारखी झाली आहे.

सून पाणी प्यायला आली. थबकली. "आई, ही पण देताय?"

"हो."

ती पाठमोरी होऊन आणखी काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हो, सगळंच." भांडं तसंच ठेवून आत गेली. हल्ली सगळी माणसं पुटपुटतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

वस्तू दिल्या. मुलीने विचारलं, "पुसलंय ना?"

"दोनदा."

तिने कागदावर खूण केली. मी सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला, छोट्या अक्षरांसकट. आतील माहितीची जबाबदारी ग्राहकाची, असं एक कलम होतं. आत काय माहिती असणार? पाणी दे आणि लाईट घालव. दोषांच्या रकान्यात मुलीने काहीच लिहिलेलं नव्हतं. मी तिचं पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं: हिरवं बटण बिघडलेलं आहे. त्याखाली सही.

कॅमेरा परत आणला.

रात्री जेवताना सून बोलली नाही. मुलगा आमटीत बघत होता. मी म्हटलं, "कोणाला काही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा." कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं असेल तर मला कळलं नाही, हे आता मोजमापाने सिद्ध असल्यामुळे लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निर्णय: सौदा परवडला. भंगारवाल्याला विचारून पाहिलं. तो याच वस्तूंचे निम्मेही द्यायला तयार नव्हता. ओळखीत विकायच्या तर उद्या बिघडल्या की तोंड दाखवायला जागा नाही. नव्वद दिवसांची अट वाईट, पण मला घ्यायची वस्तू त्याच दुकानात, वरच्या मजल्यावर मिळते. ज्याला काही घ्यायचंच नाही त्याने क्रेडिटच्या नादी लागू नये. एवढा विवेक असला तर यात फसवणूक नाही.

यंत्राची मागणी नोंदवली. उरलेले पैसे पेन्शनमधून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कानात यंत्र बसवलं.

जग इतकं बडबडं आहे, हे मी विसरले होते. माझ्या चपलांचा आवाज येतो. फ्रिज कण्हतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कोणी कपडा फाडल्यासारखं वाटलं. सून काम करताना गुणगुणते. सात वर्षं या घरात आहे, मला माहीत नव्हतं. सुरात गुणगुणते.

कढईतून वास आला म्हणून मी म्हटलं, "भाजी लागतेय," आणि स्वतःच दचकले.

"मी नेहमी एवढ्याने बोलते?"

"हो," सून म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, आई."

मुलगा हसून हसून लाल झाला. म्हणाला, "आता या घरात कोणाची खैर नाही. भिंतींनाच नाही, आईलाही कान आले." मीही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात असं झालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घडलं तसं लिहिते.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत पडले होते. ती दोघं स्वयंपाकघरात. माझ्या कानात यंत्र आहे, हे त्यांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. सून म्हणाली, "बाबांचं ते हिरवं बटण आठवलं की मला अजून कसंतरी होतं. दिवसभर बोलवायचे बिचारे. आणि आई ढिम्म."

मी उठून दारात गेले. विचारलं, "काय बोलवायचे?"

मुलाने हातातला कप खाली ठेवला.

"हिरवं बटण बिघडलेलं होतं," मी म्हटलं.

सून माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलत गेला. असा चेहरा मी एकदा पाहिला आहे, वीस वर्षं चुकीच्या मापाने तेल घेत आल्याचं कळलेल्या बाईचा.

"आई, तुम्हाला ते ऐकूच येत नव्हतं?"

"त्यात काही होतंच कुठे?"

"होतं. हळू होतं. वॉर्डात बाकीचे झोपले होते ना, म्हणून बाबा अगदी कुजबुजल्यासारखं बोललेत. पण होतं. आम्हाला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचं."

"काय होतं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो उठून खिडकीशी गेला.

"'ऐकलंस का गं,'" ती म्हणाली. "'जरा बस ना माझ्यापाशी.'"

मग काय काय विचारलं, ते क्रमाने आठवत नाही. मला का नाही सांगितलं, हे विचारलं. ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. तुमच्या दोघांतलं होतं, आम्ही मधे कसं बोलणार? मला तुमचा फार राग यायचा, आई." ती रडत होती, पण वाक्य पूर्ण केलं. मला ते आवडलं.

"परवा पाटी पुसताना पण मी म्हटलं," ती म्हणाली, "'बाबांचा आवाज तरी ठेवा.' तुम्ही म्हणालात, 'हो, सगळंच.'"

म्हणाले होते. वर नोंद आहे.

"आणि त्यांना?" मी विचारलं. "त्यांना काय वाटायचं?"

"ते हसायचे. आणि परत दाबायचे."

२३ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं पायरीवर उभी होते. काउंटरवर तीच मुलगी. तिचा आवाज मी आज पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक, जरा थरथरता आहे.

मी पाटी परत मागितली. क्रेडिट फेडते, वर दंड लावा, म्हटलं. तिने संगणकात पाहिलं. पाटी शनिवारी विकली गेली. एका बाईंनी मुलीला चित्रं काढायला नेली.

"त्यांचा पत्ता दे."

"मॅडम, पत्ता देता येत नाही. आणि देऊनही उपयोग नाही. आतलं सगळं काढल्याशिवाय आम्ही विकत नाही. तुम्हालाही म्हटलं होतं ना, यातलं काही ठेवायचं असेल तर आधी काढून घ्या आणि मग आतलं पुसून आणा."

"मी पुसूनच आणली होती."

ती थांबली. "बाहेरून?"

"स्पिरिटने," मी म्हटलं.

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने केसांतलं पेन काढलं आणि पुन्हा खोचलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी हिरवं बटण दाबलं, तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं, मॅडम. यात कोणीतरी बोलतंय, म्हटलं. बिघडलेलं नाहीये. म्हणून तर मी तो रकाना कोरा ठेवला होता."

तिने माझा कागद काढून दाखवला. माझं अक्षर अजून सरळ येतं. हिरवं बटण बिघडलेलं आहे. खाली सही, तारीख.

तक्रार नाही. दुकानाचा काटा बरोबर होता. हेही इथे नोंदवते.

निघताना मुलीने विचारलं, "मॅडम, ते तुमचे मिस्टर होते?"

"हो."

"आवाज छान होता."

मी विचारलं, "तुला नीट ऐकू आला?"

"हो. एवढा आवाज वाढवून ठेवल्यावर येणारच. त्याच्यापुढे वाढतच नाही."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. बाकीची सात बटणं ह्यांनी खणखणीत भरली होती. त्या सातांना एवढा आवाज लागतच नव्हता. "लाईट घालव" म्हटलं की शेजारच्या घरातला दिवा जाईल, असं मुलगा म्हणायचा. ह्यांना स्वतःला चांगलं ऐकू येत असे. खिडकीतल्या पाखराला मान वळवायचे. तरी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेऊन ठेवला होता. म्हणजे ह्यांना कळलं होतं का, की मी टाळत नाहीये, मला ऐकूच जात नाहीये? तसं असेल तर वहीत का लिहिलं नाही? कान तपास म्हटलं असतं तर मी चिडले असते, हे खरं. आणि 'जरा बस' हे लिहून मागायचं नसतं, हेही आता समजतं.

पण आवाज वाढवलेला होता, एवढाच पुरावा. एवढ्यावर मी कोणावर खटला उभा केला नसता. आणि कोणाला सोडलंही नसतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांच्या वह्या काढून वाचल्या. अकरा आहेत. गोळ्या बदलल्या. पंख्याला तेल घाल. अग्रलेखात तीन चुका. एका पानावर तारीख नाही, नुसतं 'तिला कामं असतात' एवढंच. कोणाला लिहून दाखवलं, कशाचं उत्तर म्हणून, कळत नाही. सुनेला विचारलं. तिने ते वाक्य बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मलाच असेल." पुढे मी विचारलं नाही.

तिला म्हटलं, "ते वाक्य ह्यांच्यासारखं म्हणून दाखवशील?"

"मला नाही जमणार, आई."

"प्रयत्न कर."

ती दाराशी, त्या खुर्चीजवळ उभी राहिली. खाली बघून, अगदी हळू म्हणाली. मधे एक श्वास घेतला, 'ऐकलंस का गं'च्या नंतर. ह्यांची तशी सवय होती, आधी हाक मारायची, मग माणूस वळेपर्यंत थांबायचं. तिच्या तोंडून ते थांबणं बरोबर आलं. मला स्पष्ट ऐकू आलं. यंत्र चांगलं आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

विशेष काही नाही. ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे औषधांचे डबे काढून कपाटात ठेवले. भांडी तशीच राहिली. पाच वाजून दहा मिनिटांपासून पावणेसहापर्यंत बसले.